दुकानातील एकच खुर्ची

खेड्यातील माणूस शहरात एखादी मोठी वस्तू घ्यावयास गेला म्हणजे त्याला दोन किमती मोजाव्या लागतात. एक किंमत वस्तूला चिकटविलेल्या चिठ्ठीवर असते. दुसरी दुकानातील नोकराच्या नजरेत असते. पहिली रोख देऊन मोकळे होता येते. दुसरीचा हिशेब पुष्कळ दिवस मनात राहतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर या दोन्ही किमती मोजण्याचा प्रसंग आम्हांवर आला. त्या वेळी दुसऱ्याची चूक आम्हांस लगेच दिसली. स्वतःची दिसावयास आठवडा लागला. म्हणून ही हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

आमच्या जोयडा तालुक्यातील पाऊस ज्यांनी अनुभविला आहे त्यांना त्याचे वर्णन सांगावयास नको. आमच्या चर्चवर पत्रे आहेत. पत्र्यावर सरी कोसळू लागल्या म्हणजे वेदीवरून केलेला उपदेश तिसऱ्या बाकापलीकडे पोहोचत नाही. जुना ॲम्प्लिफायर एका वळवाच्या रात्री वीज कोसळून जळाला होता. मागच्या बाकांवर बसणारी मंडळी बहुतेक वृद्ध. रानवाटेने दोन-तीन मैल चालत येतात, उशीर होतो, आणि ओली छत्री घेऊन पुढे जाण्याचा संकोच वाटून मागेच टेकतात. त्यांतील एका आजीबाई एके रविवारी आम्हांस म्हणाल्या, "फादर, तुमचे ओठ हलतात तेवढे दिसतात. शेजारीण 'आमेन' म्हणाली की आम्ही म्हणतो."

हे शब्द आम्हांस लागले. धर्मग्रामाच्या सभेत विषय निघाला आणि नवा ध्वनिक्षेपक घेण्याचे ठरले. कोणी भाताचे पोते दिले, कोणी कोंबडी दिली. मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात फणस, भोपळे आणि केळीचे घड लिलावास निघाले. गोव्यास नोकरीला असलेल्या मुलांनी काही रक्कम धाडली. अशा रीतीने बेचाळीस हजार रुपये उभे राहिले. त्यांतील दहा-दहा रुपयांच्या नोटांना अजून चुलीच्या धुराचा वास येत होता.

खरेदीस बेळगावला जावयाचे ठरले. बरोबर आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ निघाले. सर्व त्यांना काका म्हणतात, आम्हीही तसेच म्हणतो. त्यांचे वय सत्तरीपुढचे. काळी नदीवर सुपा धरण झाले तेव्हा एके काळी तालुक्याचे ठिकाण असलेले जुने सुपा पाण्याखाली गेले. तसेच काकांच्या घराचे जोतेही गेले. त्याच धरणाच्या बांधकामावर तारा ओढता ओढता काका विजेचे काम शिकले. पुढे चाळीस वर्षे या पंचक्रोशीतील लग्ने, सण आणि नाटके यांचे कर्णे झाडांवर चढून त्यांनीच बांधले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी चर्च पावलांनी मोजले: लांबी साठ फूट, रुंदी पंचवीस. भिंतीवर बोटाने टकटक करून पाहिले, मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजविली आणि कान देऊन ऐकले. मग एका जुन्या वहीत पेन्सिलीने तीन प्रश्न लिहून घेतले. ते प्रश्न कोणते हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही.

रामनगर, लोंढा, खानापूर करीत आम्ही बेळगावला उतरलो. दुकान मोठे होते. काचेचे दार, आत गार हवा, भिंतीला लागून माणसाच्या उंचीचे काळे स्पीकर. आम्ही त्या दिवशी साध्या शर्ट-पँटमध्ये होतो. काकांच्या पायांत रबरी चपला, हातात कापडी पिशवी आणि खांद्यावर पंचा. गळ्यात टाय बांधलेला एक तरुण नोकर पुढे आला. त्याची नजर प्रथम आमच्या पायांकडे गेली, मग पिशवीकडे, आणि शेवटी तोंडाकडे.

"मंडपवाल्यांचे सामान इथे मिळत नाही," तो म्हणाला. "बाजारात बघा."

काकांनी वही उघडली. ते नम्रपणे म्हणाले, "साहेब, देवळासाठी पाहिजे. ह्या खोक्यावर हजार वॅट लिहिलंय. ते सतत मिळणारे वॅट, की क्षणापुरते?"

तो तरुण हसला. पलीकडच्या सोबत्याला त्याने डोळ्याने खूण केली आणि म्हणाला, "आजोबा, वॅट समजून घेऊन तुम्ही काय करणार? बजेट किती ते सांगा."

काकांनी वही मिटली. आमचा मात्र राग मस्तकाला गेला. तेव्हा आम्ही काय केले ते स्पष्ट लिहितो. आम्ही इंग्रजी बोलू लागलो. सेमिनरीत असताना कमावलेली आमची उत्तमोत्तम इंग्रजी आम्ही त्या तरुणावर सोडली. आम्ही धर्मगुरू आहोत, अमुक ठिकाणी शिकलो, अमुक कामासाठी आलो, हे सर्व ऐकविले. परिणाम तात्काळ झाला. "सॉरी फादर, बसा फादर," असे म्हणत त्याने एक खुर्ची आणली. चहा मागविला. खुर्ची एकच होती आणि चहाचा पेलाही एकच होता.

आम्ही बसलो. आम्ही चहा घेतला. काका खोक्यांच्या रांगेजवळ पिशवी धरून उभे राहिले.

पुढचा अर्धा तास तो तरुण फक्त आमच्याशी बोलला. आमच्या सुशिक्षितपणाची तारीफ करून त्याने आम्हांस दोन भले मोठे स्पीकर आणि एक चकाकता ॲम्प्लिफायर दाखविला. त्यावर सिनेमाचे संगीत लावले. छातीत धडधडले. "एवढा आवाज तुमच्या गावात कोणी ऐकलाही नसेल," तो म्हणाला. काका एकदा पुढे येऊन म्हणाले, "फादर, थोडं बोलून बघू या का?" आम्ही हातानेच त्यांना थांबविले. जो मनुष्य आम्हांस आता मान देत होता, त्याच्यासमोर पुन्हा वॅटचे प्रश्न निघून आपली शोभा व्हावी असे आम्हांस वाटत नव्हते. आम्ही चाळीस हजार रुपये मोजले.

रविवारी यंत्र सुरू झाले. आवाज इतका मोठा की गाभाऱ्याच्या काचा थरथरल्या. उपदेश संपवून समाधानाने आम्ही दारात उभे राहिलो. त्याच आजीबाई आल्या आणि म्हणाल्या, "फादर, आवाज लई मोठा होता. पण शब्द काही लागला नाही."

त्या संध्याकाळी आम्ही काकांच्या घरी गेलो. त्यांनी एकही कठोर शब्द उच्चारला नाही. वही काढून तीन प्रश्न आम्हांपुढे ठेवले, आणि जे दुकानात सांगू दिले गेले नाही ते सांगितले. वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून त्याचा सारांश येथे देतो.

पहिला प्रश्न वॅटचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा पी. एम. पी. ओ. या नावाचा असतो. यंत्र क्षणभरासाठी जो कमाल जोर काढील असे म्हटले जाते, त्याचा तो आकडा. तो मोजण्याची कोणतीही सर्वमान्य रीत नाही, म्हणून तो हवा तितका फुगविता येतो. सतत मिळणारी शक्ती आर. एम. एस. या अक्षरांपुढे लिहिलेली असते, आणि तीच पाहावयाची. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. फक्त तीन डेसिबेलने वाढतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते.

दुसरा प्रश्न घुमण्याचा. आमच्या चर्चच्या भिंती गुळगुळीत, जमीन दगडी, वर पत्रे. बोललेला शब्द या सर्वांवर आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्या शब्दावर चढतो. अशा जागी आवाज वाढविला म्हणजे घुमणेही तितकेच वाढते. हे शास्त्र जुने आहे. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही कळेना, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकावर ते काम सोपविण्यात आले. तेथे एक स्वर सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिन रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून ठेवी, ऑर्गनची एक नळी वाजवी आणि स्वर विरावयास किती वेळ लागतो ते मोजी. गाद्या वाढत गेल्या तसे घुमणे कमी होत गेले. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे प्रसिद्ध संगीतगृह त्याच्याच गणितावर बांधले गेले. मऊ वस्तू आवाज पितात. माणसे आणि त्यांचे कपडेही पितात. म्हणून रिकाम्या चर्चमध्ये घुमणारा आवाज भरल्या चर्चमध्ये बराच निवळतो. काकांनी सॅबिनचे नावही ऐकलेले नाही. परंतु चर्चच्या मध्यभागी वाजविलेली ती एक टाळी म्हणजे सॅबिनची ऑर्गनची नळीच होय.

तिसरा प्रश्न स्पीकरच्या आकाराचा. संगीतासाठी केलेली मोठी खोकी आवाज चोहोकडे फेकतात. छपराकडे आणि जमिनीकडेही. भाषणासाठी उभे, लांबट, खांबासारखे स्पीकर असतात. त्यांत लहान लहान स्पीकर एकाखाली एक बसविलेले असतात. ते आवाज पंख्यासारखा आडवा पसरवितात, वर आणि खाली कमी जाऊ देतात. ते भिंतीवर फार उंच न टांगता बसलेल्या माणसाच्या कानाकडे रोखून लावले, तर थोड्या वॅटमध्येही शब्द स्वच्छ पोहोचतो.

हे सर्व ऐकून आम्ही पुष्कळ वेळ गप्प होतो. शेवटी आम्ही म्हणालो, "काका, तुम्ही हे दुकानात मोठ्याने का सांगितले नाही?"

ते म्हणाले, "फादर, तुम्ही बसला होता."

त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. म्हणूनच ते अधिक टोचले.

त्याच आठवड्यात आम्ही ते सामान घेऊन पुन्हा गेलो. वापरलेला माल म्हणून दुकानाने नऊ हजार रुपये कापून घेतले. मग मागच्या गल्लीत दुरुस्तीचे एक लहान दुकान होते तेथे शिरलो. या वेळी आम्ही तोंड बंद ठेविले आणि काकांना पुढे केले. चष्मा लावलेल्या त्या कारागिराने हातातील झारण ठेवून पहिलाच प्रश्न विचारला, "हॉल किती लांब? छप्पर कसलं?" वही उघडली. दोघे एकाच बाकावर बसले. कारागिराने दोन खांबी स्पीकर गल्लीच्या तोंडाशी ठेवले, काकांच्या हातात माईक दिला आणि आम्हांस दूर दुसऱ्या टोकाला उभे केले. वाहनांच्या गोंगाटातूनही काकांचे तीन प्रश्न आम्हांस एकेक शब्द तोडून ऐकू आले. एकंदर खर्च सव्वीस हजार रुपये झाला. बुडालेले नऊ हजार आम्ही आपल्या जवळचे भरले, आणि पुढच्या रविवारी ही सर्व हकीकत नव्या माईकवरूनच सांगितली. त्या दिवशी मागच्या बाकावरील 'आमेन' वेळेवर आले.

आता थोडा विचार करू या. असे प्रसंग आमच्यावरच येतात असे नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच राज्यात तुमकूर येथे एक शेतकरी मालवाहू गाडी घेण्यास गेला असता, तुझ्या खिशात दहा रुपये तरी आहेत काय, अशा अर्थाचे बोलून विक्रेत्याने त्याला हिणविल्याचे वृत्तपत्रांत आले. तासाभरात तो दहा लाख रुपये घेऊन परतला. पुढे त्याची क्षमा मागण्यात आली. जुलै २०२४ मध्ये बेंगळूरला धोतर नेसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला एका मोठ्या व्यापारसंकुलात प्रवेश नाकारला गेला. तो मुलाबरोबर सिनेमा पाहावयास आला होता. त्यावर इतका क्षोभ झाला की ते संकुल सात दिवस बंद ठेवण्याचे सरकारने जाहीर केले.

तुमकूरच्या शेतकऱ्याचे सर्वांनी कौतुक केले, आणि ते योग्यच झाले. परंतु आमच्या मनात एक शंका राहते. तो दहा लाख आणू शकला म्हणून त्याचा मान त्याला परत मिळाला. ज्याला ते आणता येत नाहीत, त्याच्या मानाचे काय? आम्ही इंग्रजीचे नाणे खणखणीत वाजवून खुर्ची मिळविली. काकांपाशी ते नाणे नव्हते, म्हणून ते उभे राहिले. मान असा विकत घेता येऊ लागला की उपमर्द करणाऱ्याची चूक पुसली जात नाही. उलट त्याचा नियम आपण मान्य केला असे होते.

संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच देखावा रंगविला आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला एक मनुष्य येतो आणि मळक्या कपड्यांतला एक गरीब येतो. एकाला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला उभे राहावे लागते. हा उतारा आम्ही कित्येकदा वेदीवरून समजावून सांगितला आहे. त्या दुकानात आमची अंगठी आमच्या जिभेवर होती, आणि ती आम्ही स्वतःच्या हाताने चमकविली.

त्या तरुणाविषयीही दोन शब्द लिहिणे न्यायाचे आहे. तो दिवसभर उभा असतो. त्याला विक्रीचा आकडा गाठून द्यावयाचा असतो. कोण घेणार आणि कोण नुसते पाहून जाणार हे चपलांवरून ओळखावयास त्याला कोणी तरी शिकविले असेल. कदाचित त्याचे वडीलही एखाद्या खेड्यात असेच पंचा टाकून बसत असतील. आणि त्याला जे वॅटविषयी ठाऊक नव्हते, ते हसण्याखाली झाकण्याशिवाय त्याला दुसरी सोय नव्हती. ज्याला उत्तर येते तो सहसा प्रश्नाला हसत नाही. त्या गल्लीतील कारागिराने ते दाखवून दिले.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे असे. दुकानात गेल्यावर आपला प्रश्न लिहून न्यावा आणि आपल्या भाषेत विचारावा. न समजल्यास पुन्हा विचारावा. त्यात लाज नाही. आवाजाची वस्तू असेल तर विक्रेत्याने लावलेले संगीत ऐकून भुलू नये. स्वतः बोलून, दूर उभे राहून पाहावे. पक्के बिल आणि वॉरंटीचे कार्ड घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नादुरुस्त झाल्यास दुरुस्ती कोठे होईल हे आधी विचारावे. मालात खोट निघाली किंवा फसवणूक झाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे फी नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेशी बोलता येते. आणि जो आपल्याला हसतो त्याच्या दुकानातून शांतपणे बाहेर पडण्यास कोणत्याही कायद्याची गरज लागत नाही.

परंतु उपमर्द सोसून घरी आल्यावर आपण काय करतो, याचाही विचार व्हावा. आठवड्याच्या बाजारात आमच्याकडील बाया रानातली आणि परसातली कंदमुळे घेऊन जमिनीवर बसतात. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी आपण कोणत्या स्वरात बोलतो? सोसायटीच्या खिडकीवर, शाळेच्या कचेरीत, घरच्या ओट्यावर आलेल्या माणसाचे पाय आधी पाहिले जातात की तोंड? लग्नात गाडीने आलेल्यास खुर्ची आणि चालत आलेल्यास कुडाचा आधार, असे होत नाही काय? आमच्या धर्मगुरूंच्या कचेरीतही पाहुण्यासाठी एकच खुर्ची होती. दाखला मागावयास येणारे गावकरी उभ्यानेच बोलत, आणि शहरातून कोणी आला की ती खुर्ची पुढे सरकत असे. इतक्या वर्षांत हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

आता तेथे एक लांब बाक ठेविला आहे. फणसाच्या लाकडाचा आहे, काकांच्या ओळखीच्या सुताराने केला. परवा काका माईकची तार तपासून कचेरीत आले आणि सवयीने दाराशी उभे राहिले. "काका, बसा," आम्ही म्हणालो. ते बसले. चहा आला, तो दोन पेल्यांत आला. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि दोघांना एकमेकांचे बोलणे व्यवस्थित ऐकू येत होते.